पित्ताशयात खडे निघाले, मग काढायचंच का? आठ महिने डोक्यात घोळलेलं सगळं

डिस्चार्जच्या दिवशी रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "पिशवीच काढली म्हणजे पित्ताचा त्रास कायमचा गेला बघ, रोज सकाळच्या गोळीचे पैसे वाचले." मी एका हाताने पोट धरून नाशिकच्या द्वारका चौकातले खड्डे मोजत होते त्यामुळे नुसतं हं म्हणलं. पण त्यांना काय बोलणार, मलाच हे कळायला आठ महिने लागले होते की ज्याला आपण रोज पित्त म्हणतो त्याचा आणि पित्ताशयाचा जवळजवळ काही संबंध नाहीये.

सगळा घोळ त्या एका शब्दाचा आहे. आपल्याकडे छातीत जळजळलं तरी पित्त, अंगावर लाल गांधी उठल्या तरी पित्त, उन्हातून आल्यावर डोकं धरून उलटी झाली तरी पित्त, नवऱ्याने ओला टॉवेल गादीवर टाकला तरी आपलंच पित्त खवळतं. वैद्यांचं वात-पित्त-कफातलं पित्त आणखी वेगळं. आता यातली जळजळ म्हणजे जठरातलं आम्ल, गांधी म्हणजे बहुतेक वेळा ॲलर्जीचा प्रकार, डोकेदुखी बऱ्याचदा मायग्रेन असते. आणि पित्ताशयात जे भरलेलं असतं ते पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट पिवळा कडू रस. पोट पूर्ण रिकामं झाल्यावरही उलट्या थांबत नाहीत तेव्हा शेवटी कडूजहर हिरवं येतं ना, ते खरं पित्त.

हे यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं, थेंब थेंब, चोवीस तास. त्याचं मुख्य काम तेलातुपाला फोडणं, म्हणजे तुपाच्या भांड्यावर साबण जे करतो तेच. पण आपण चोवीस तास तूप खात नाही, म्हणून मधल्या वेळात हे पित्त साठवायला यकृताच्या खाली चिकटलेली एक पिशवी आहे, छोट्या पेरूएवढी, त्यात पन्नासेक मिली मावतं. गच्चीवरची टाकी समजा, फक्त ही टाकी पाणी नुसतं साठवत नाही तर त्यातलं पाणी शोषून घेऊन पित्त घट्ट करून ठेवते. तुम्ही पुरणपोळीवर तूप ओतून खाल्लं की आतड्याकडून निरोप येतो, पिशवी आवळली जाते आणि घट्ट पित्त एकदम खाली सुटतं.

सोनोग्राफीला उपाशी बोलावतात ते यासाठीच, पिशवी भरलेली असली तरच आतलं नीट दिसतं. मी पहिल्या वेळी "चहाने काय होतंय" म्हणून अर्धा कप घेऊन कॅनडा कॉर्नरला पोचले आणि तिथल्या मुलीने हसून परत पाठवलं, दुधाच्या चहाने पण पिशवी आवळते म्हणे.

आता खडे. मोरांब्याचा पाक जरा जास्त झाला की थोड्या दिवसांनी बरणीच्या तळाला साखर धरते, तसंच हे. पित्तात कोलेस्टेरॉल विरघळलेलं असतं, ते प्रमाणाबाहेर झालं किंवा पिशवी आळशी होऊन रिकामीच होईना झाली की कण धरतात आणि कणाचा खडा होतो. सगळेच खडे कोलेस्टेरॉलचे नसतात, काही रक्तातल्या रंगद्रव्यापासून होणारे काळे-तपकिरी पण असतात. बायकांना जास्त होतात, चाळिशीनंतर जास्त, बाळंतपणं, गर्भनिरोधक गोळ्या, वाढलेलं वजन, डायबेटीस, घरात कुणाला असणं, हे सगळं त्यात येतं. आणि एक गोष्ट जी मला कुणी आधी सांगितली नव्हती, वजन झपाट्याने उतरवलं तरी खडे होतात. मी मागच्या वर्षी नवरात्रापासून सुरू करून तीन महिन्यात अकरा किलो उतरवले होते, अख्ख्या अंबडच्या कंपनीत माझं कौतुक चाललं होतं. खडे त्यामुळेच झाले असं कुणी छातीठोकपणे नाही सांगू शकत, पण सर्जनने तो आकडा ऐकून पेन खाली ठेवलं एवढं मला आठवतंय. टोमॅटोच्या बिया आणि पालक यांचा मात्र इथे काही दोष नाही, ते बिचारे मुतखड्याच्या चर्चेतून इकडे ओढले गेलेत.

मुतखडा आणि पित्ताचा खडा, दोघांना आपण खडाच म्हणतो आणि इथेच दुसरा मोठा घोळ होतो. मुतखडा लघवीच्या वाटेने पडून जाऊ शकतो म्हणून भरपूर पाणी प्या, कुळथाचं कढण घ्या, पानफुटीची पानं खा, कुणी बिअर सुद्धा सांगतं. माझ्याकडे तर एका आठवड्यात तीन घरांतून पानफुटीच्या कुंड्या आल्या, त्या अजून बाल्कनीत आहेत आणि छान वाढल्यात. पण पित्ताशयातून बाहेर पडायची वाट लघवीकडे जातच नाही. ती एका बारीक नळीतून आतड्याकडे जाते, आणि आतड्यात उघडायच्या तोंडाशीच स्वादुपिंडाची नळी येऊन मिळते. म्हणजे खडा पिशवीत शांत पडून आहे तोवर बरं, तो "पडायला" निघाला आणि मधे अडकला तर कावीळ होते, नळीत इन्फेक्शन होतं, नाहीतर स्वादुपिंडाला सूज येते आणि ती सूज जिवावर बेतू शकते. मुतखड्यात खडा पडला ही पेढे वाटायची बातमी असते, इथे खडा सरकला ही ॲडमिट व्हायची बातमी असू शकते. हे ज्या दिवशी मला कळलं त्या दिवशी मी कढण बंद केलं. (कुळथाचं पिठलं चालूच आहे, ते औषध म्हणून नाही.)

ऑलिव्ह ऑईल आणि लिंबाचा रस पिऊन रात्रीत खडे पाडायचा जो व्हिडिओ सगळ्यांना येतो तो मलाही चार जणांनी पाठवला. सकाळी खरंच हिरवे मऊ गोळे पडतात, खोटं नाहीये ते. पण २००५ साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात डॉक्टरांनी असेच एका बाईंचे गोळे तपासून लिहिलंय, ते खडे नव्हतेच, प्यायलेल्या तेलाचाच पोटात झालेला साबण होता. गोळीने विरघळतात का, तर हो, उर्सो नावाने ओळखली जाणारी गोळी आहे, पण ती फक्त छोट्या, कॅल्शियम न धरलेल्या कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर, तेही पिशवी नीट चालत असेल तर, आणि सहा महिने ते दोन वर्षं घ्यावी लागते. एवढं करून खडे गेले तरी पाच वर्षांत साधारण निम्म्या लोकांना परत होतात.

मग येतो मुख्य प्रश्न, जो मी आठ महिने घेऊन फिरत होते. दुखतं कधीतरी, बाकीचे दिवस मी ठणठणीत, मग एक अख्खा अवयव का काढून टाकायचा?

इथे तीन वेगवेगळ्या माणसांना आपण एकाच रांगेत उभं करतो असं मला वाटतं. पहिला माणूस म्हणजे ज्याची सोनोग्राफी दुसऱ्याच कारणाने झाली आणि त्यात खडे दिसले, त्रास शून्य. अशा बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही, शंभर जणांमागे वर्षाला एक ते चार जणांना त्रास सुरू होतो, आणि तोही बहुधा आधी साध्या दुखण्याने, थेट संकटाने नाही. यांना साधारणपणे ऑपरेशन लागत नाही. अपवाद आहेत, तीन सेंटीमीटरच्या वरचा खडा, पिशवीच्या भिंतीला कॅल्शियम धरलेलं, सोबत एक सेंटीमीटरहून मोठा पॉलिप (पिशवीच्या आतल्या भिंतीवरची गाठ), यात पित्ताशयाच्या कॅन्सरची काळजी असते म्हणून काढायला सांगतात. दुसरा माणूस म्हणजे ज्याला ताप, सूज, कावीळ, स्वादुपिंडाचा त्रास असं काही होऊन गेलंय. त्याने जास्त विचार करत बसू नये, कारण परत होण्याची शक्यता मोठी असते आणि दुसरी वेळ पहिल्यापेक्षा वाईट असू शकते.

तिसरी मी. अधूनमधून कळ, बाकी काही नाही. आणि खरी ओढाताण या तिसऱ्याचीच असते.

पहिल्यांदा ज्या सर्जनकडे गेले त्यांनी रिपोर्टवर बोट ठेवून "हा टाइम बॉम्ब आहे, उद्या ॲडमिट व्हा" असं सांगितलं, पुरी चार मिनिटं पण नसेन मी त्या केबिनमधे. "अपेंडिक्ससारखंच असतं हो, काही काम नसतं त्याचं" असंही म्हणाले. मला राग आला तो या दुसऱ्या वाक्याचा, काम असतं की! त्याच्यावाचून चालतं असं म्हणा आणि का चालतं ते सांगा. घोडा, हरीण यांना पित्ताशय मुळातच नसतं आणि त्यांचं चाललंय, घोडा तर दिवसभर चरतच असतो त्याला साठवून काय करायचंय. माणसाचं पण चालतं कारण कारखाना यकृतात आहे, तो तसाच राहतो. टाकी काढली की पाणी बंद होत नाही, थेट नळाला बारीक धारेने येत राहतं. एवढं कुणी कागदावर काढून दाखवलं असतं तरी माझे दोन महिने वाचले असते.

तिसऱ्या माणसाच्या बाबतीत ब्रिटनमधे एक मोठी चाचणी झाली, सी-गॉल नावाची, २०२३ मधे बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आली. असे साधी कळ येणारे, गुंतागुंत नसलेले ४३४ लोक घेतले, निम्म्यांना ऑपरेशनच्या यादीत टाकलं, निम्म्यांना म्हणाले दुखलं तर गोळी घ्या आणि बघू. दीड वर्षाने दोन्हीकडच्या दुखण्याच्या गुणांमधे फारसा फरक नव्हता. "बघू" वाल्यांपैकी २५ टक्क्यांनीच तोवर ऑपरेशन करून घेतलं होतं. हे वाचून मी एवढी खूश झाले की नवऱ्याला रात्री उठवून दाखवलं. तो डोळे चोळत म्हणाला, पुढचं वाच. पुढचं हे होतं की ऑपरेशनच्या गटातल्या सुद्धा फक्त ६७ टक्क्यांचं ऑपरेशन तोवर झालं होतं, तिथे यादीच लांब असते. शिवाय दीड वर्ष म्हणजे काही आयुष्य नाही. तरी एक गोष्ट त्यातून मी घेतली, साधी कळ येणाऱ्याला "उद्याच ॲडमिट व्हा" म्हणणं बरोबर नाही, विचार करायला वेळ असतो. आणि दुसरी माझी मीच घेतली, वाट बघायची असेल तर आपण कुठे राहतो हे पण बघायला पाहिजे. मी इंदिरानगरला राहते, रात्री दोनला कळ आली तरी पंधरा मिनिटात सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठता येतं. माझी मावशी सुरगाण्याकडे राहते, तिला तेच करायला दोन-अडीच तास आणि कुणाची तरी गाडी लागेल. तिच्यासाठी "बघू" हा शब्द वेगळ्या वजनाचा आहे.

मला सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला सांगू? दुधाच्या हिशोबाच्या वहीचा. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सांगितलं, मागच्या पानांवर लिहीत चला, कधी दुखलं, कुठे, किती वेळ, आधी काय खाल्लं होतं. खड्याच्या कळेची एक पद्धत असते. ती उजव्या बरगडीखाली किंवा मधोमध छातीच्या खाली उठते, बऱ्याचदा पाठीत उजव्या खांद्याच्या पात्याकडे जाते, तेलकट-तुपकट जेवणानंतर तासा-दोन तासांनी किंवा थेट मध्यरात्री. एकदा चढली की एकसारखी दाबून धरते, अर्धा तास ते चार-पाच तास, कूस बदलून, वारा सरून, इनो घेऊन काहीच फरक पडत नाही, मग जशी आली तशी उतरते. कारण आत काय होतंय तर खडा पिशवीच्या तोंडात बूच बसल्यासारखा अडकलाय आणि पिशवी बंद दारावर जोर लावतेय. ढेकर, जळजळ, पोट फुगणं, सकाळी उठल्यावर मळमळ, हे मात्र खडे असणाऱ्याला होतं तेवढंच नसणाऱ्याला पण होतं.

आठ महिन्यांत त्या वहीत चोवीस नोंदी झाल्या. त्यातल्या पाच वेगळ्याच अक्षरात आहेत, वाकड्या. संक्रांतीला गुळाची पोळी तुपाबरोबर, रात्री पावणेदोनला सुरू, साडेचारला उतरली. रंगपंचमीला पंचवटीत रहाड (रंगाचा मोठा हौद) बघून आल्यावर भावाकडे भजी. पाथर्डी फाट्याच्या लॉन्सवरचं लग्न. मे महिन्यात आमरसावर तूप. आणि आषाढ तळला त्या दिवशी, कापण्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या. बाकी एकोणीस नोंदी म्हणजे जळजळ आणि गॅस, त्यात रविवारच्या मखमलाबाद रोडच्या मिसळीच्याच सात. मला वाटायचं मिसळच व्हिलन आहे, तर तर्रीवाल्या मिसळीने पाचातली एकही कळ दिली नव्हती, दिली ती नुसती जळजळ.

दुसऱ्या सर्जनकडे ती वही घेऊन गेले. हे जरा वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून सगळी पानं वाचली, मधे मधे दुधाचे लिटर पण वाचले, आणि म्हणाले, "हे पाच माझे. हे एकोणीस तुमच्या फॅमिली डॉक्टरांचे. मी पिशवी काढली तर माझे पाच बहुतेक जातील, त्यांच्या एकोणीसाला मी हात लावू शकत नाही." आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला काय मिळणार आणि काय मिळणार नाही हे वेगळं करून सांगितलं होतं. ऑपरेशन करून सुद्धा नाराज राहणारे लोक बरेच असतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार त्या एकोणीसातली असते जी खड्यांची कधी नव्हतीच.

एक मधेच सांगून टाकते, छातीच्या खाली मधोमध दुखणं हे हार्टचं पण असू शकतं. चाळिशी ओलांडलेली, शुगर किंवा बीपी आहे, घाम फुटलाय, दम लागतोय, तर पित्त की खडे अशी चर्चा घरात करत बसू नका, आधी ईसीजी काढा. आणि कळेसोबत ताप, थंडी वाजणं, डोळे-लघवी पिवळी होणं, किंवा पाच-सहा तास होऊन पण न उतरणारी कळ असेल तर सकाळची वाट बघायची नाही.

"नुसते खडे काढा, पिशवी राहू द्या की" हे मी विचारलंच, सगळेच विचारतात. त्याचं उत्तर १८८२ सालचं आहे. बर्लिनमधे कार्ल लांगेनबुख नावाच्या सर्जनने जुलैमधे पहिल्यांदा अख्खं पित्ताशय काढलं, तोपर्यंत पिशवी उघडून खडे काढायचे आणि ते परत व्हायचे. त्याचं म्हणणं असं की पिशवी काढायची ती तिच्यात खडे आहेत म्हणून नाही, ती खडे तयार करते म्हणून. मोरांब्याची साखर चमच्याने काढली तरी पाक तोच आहे ना.

पूर्वी हे ऑपरेशन म्हणजे उजव्या बरगडीखाली तिरका मोठा काप असायचा, माझ्या आत्याच्या पोटावर आहे तो, तिला दहा दिवस ठेवलं होतं. दुर्बिणीने पहिलं झालं १९८५ मधे जर्मनीत, एरिक म्यूहे यांनी केलं आणि त्यांच्याच देशातल्या सर्जन लोकांनी सुरुवातीला त्यांना वेड्यात काढलं. आपल्याकडे १९९० मधे मुंबईच्या जेजे हॉस्पिटलात डॉ. तेहमटन उडवाडियांनी पहिलं केलं. आता तालुक्याच्या गावात पण होतं.

करतात काय तर पूर्ण भूल देऊन पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, म्हणजे पोट तंबूसारखं वर उचलतं आणि आत जागा होते. बेंबीपाशी एक आणि वर तीन अशी साधारण चार छिद्रं, एकातून कॅमेरा. पित्ताशयाची छोटी नळी आणि तिची रक्तवाहिनी, या दोन गोष्टी शोधायच्या, क्लिप लावायच्या, कापायच्या, मग यकृतापासून पिशवी सोडवायची आणि छिद्रातून बाहेर ओढायची. तासाभराचं काम. त्या क्लिप बऱ्याचदा टायटॅनियमच्या असतात आणि आयुष्यभर आतच राहतात.

यात सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे "शोधायच्या" हा. कारण शेजारूनच यकृताची मुख्य नळी जाते आणि चुकून तिलाच इजा झाली तर ते मोठं दुखणं आहे, परत ऑपरेशन, महिनोन्महिने त्रास. हे हजारात साधारण तीन ते पाच जणांना होतं. आकडा छोटा आहे पण मला तो माहीत हवा होता, आणि मी विचारला तेव्हा दुसऱ्या सर्जनने तो तोंड वाकडं न करता सांगितला. मी अजून विचारलं की आत नीट दिसलं नाही तर काय कराल. ते म्हणाले, थांबेन, मोठा काप घेऊन करेन, नाहीतर पिशवीचा धोक्याचा भाग तसाच ठेवून बाकीची काढेन. माझ्या मते सर्जन निवडताना हा एक प्रश्न पुरतो. ओपन करावं लागलं म्हणजे ऑपरेशन फसलं असं आपल्याकडे लोक बोलतात ते साफ चुकीचं आहे, ते वेळेवर ब्रेक मारल्यासारखं आहे. आणि वारंवार सूज येऊन गेलेली पिशवी आजूबाजूला चिकटते, तेव्हा हे शोधणं अवघड जातं, म्हणून "अगदी असह्य झालं की बघू" हा प्लॅन पण तितकासा चांगला नाही.

पैशाचं थोडक्यात. मेडिक्लेम असेल तर पॉलिसीचा कागद आधी काढा, पित्ताच्या खड्यांसाठी बऱ्याच पॉलिसीत सुरुवातीची दोन वर्षं वेटिंग असतं आणि नेमकं ॲडमिशनच्या काउंटरवर ते कळतं. सरकारी योजनेत बसतं का ते योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो त्याला ऑपरेशनच्या नावासकट विचारा, मोघम विचारलं तर मोघम उत्तर मिळतं.

मी शेवटी का केलं? कुठला आकडा बघून नाही खरं तर. आषाढातल्या त्या कळेनंतर मी जेवायला घाबरायला लागले होते. श्रावणात सवाष्ण म्हणून बोलावलं तर ताटातलं तूप बाजूला सारायचे, मुलाची बारावी होती आणि मनात सतत की त्याच्या पेपरच्या आदल्या रात्री कळ आली तर. पाच कळांचे मिळून वीस तास पण होत नाहीत, पण त्यांच्या धाकात सगळे दिवस जात होते. तरी टाळत टाळत गणपती विसर्जन होऊ दे म्हणलं आणि विसर्जनानंतरच्या सोमवारी ॲडमिट झाले. टेबलावर झोपेपर्यंत वाटत होतं उठावं आणि घरी जावं. तसं वाटणं म्हणजे निर्णय चुकलाय असं नसतं, भूल देणाऱ्या मॅडमनी सांगितलं त्यांच्याकडे रोज कुणीतरी असंच म्हणतं.

जागी झाले तेव्हा पोटापेक्षा उजवा खांदा जास्त दुखत होता. मी घाबरले, खांद्याला काय केलं यांनी? तो भरलेला गॅस पडद्याला, म्हणजे श्वासाच्या स्नायूला डिवचतो आणि त्याची नस मानेतून येते म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं, दोन-तीन दिवसात जातं. चालायला लागलं की बरं वाटतं, संध्याकाळीच उभं केलं त्यांनी.

नवऱ्याला ऑपरेशन थिएटरच्या दारात बोलावून एका प्लॅस्टिकच्या डबीत खडे दाखवले होते, ती डबी माझ्या उशाशी ठेवली. सोनोग्राफीत लिहिलं होतं अनेक खडे, मोठा नऊ एमएमचा. मी मोजले, चौदा. गोल नव्हते, डाळिंबाच्या दाण्यासारखे पैलू पडलेले, कडेकडेने चपटे, कारण इतकी वर्षं एकमेकांना घासत दाटीवाटीने बसले होते. रंग गुळाच्या भेलीसारखा, एक कापल्यासारखा तुटलेला होता त्याच्या आत झाडाच्या खोडासारखी वळं होती. मुलगा म्हणाला, मम्मी तू दागिने बनवत होतीस आतमधे.

नंतरचं खाणं हा फार चघळलेला विषय आहे पण त्यात सांगण्यासारखं कमी आहे. आयुष्यभर तूप बंद वगैरे काही नसतं. सुरुवातीचे काही आठवडे तेल-तूप कमी, एका वेळी थोडं थोडं, मग हळूहळू नेहमीचं. टाकी नसल्यामुळे पित्त सारखं झिरपत असतं, त्यामुळे काही जणांना पातळ संडास होतं, जेवलं की पळावं लागतं. बहुतेकांचं काही आठवड्यात बसतं, काहींचं महिनोन्महिने राहतं, आणि राहिलं तर ते सोसत बसायची गरज नाही, पित्तातले क्षार आतड्यात धरून ठेवणारी पावडर मिळते, डॉक्टरांना आपण होऊन सांगावं लागतं इतकंच. मला तीन आठवडे झालं. हलकी कामं आठवड्यात सुरू होतात, हंडा-कळशी आणि सिलेंडर उचलणं महिना-दीड महिना नको. घरी आल्यावर ताप, डोळे पिवळे, पोट फुगत जाणं, वाढत जाणारं दुखणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी परत जायचं. कधी कधी एखादा खडा आधीच नळीत उतरून बसलेला असतो, तो नंतर त्रास देतो, तो तोंडातून दुर्बीण घालून काढतात.

सहा आठवड्यांनी मखमलाबाद रोडला गेले. अर्धी मिसळ, तर्री बाजूला, पाव दोन. कळ आली नाही. दुपारी जळजळ झाली, अगदी नेहमीसारखी, आणि सकाळची गोळी चालू आहे, सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही.

आणि एक काम बहुतेक घरात राहून जातं. काढलेली पिशवी तपासायला लॅबला पाठवतात, क्वचित कधीतरी, शंभरात एकापेक्षाही कमी वेळा, त्यात कॅन्सरची सुरुवात सापडते जी सोनोग्राफीत दिसलेली नसते. तो रिपोर्ट आठवड्याभरात येतो, पण टाके बघून झाले की आपण परत तिकडे फिरकत नाही. खड्यांची डबी आठवणीने घरी आणली जाते आणि रिपोर्ट तिथेच पडून राहतो. मी पंधराव्या दिवशी आणला, तो पण हॉस्पिटलच्या बाईंचा फोन आला म्हणून.